शित्झूचं पिल्लू खेळताना आणि पाय पुसताना दात लावतं

गॅलरीतली_तुळस:

रेवडी, शित्झू (लांब केसांच्या छोट्या कुत्र्याची जात), मादी, ११ आठवड्यांची, वजन पावणेदोन किलो. घरी येऊन दोन आठवडे झाले. कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. घरात आम्ही दोघं, ७ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ७१, साडी नेसतात, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे). लशी पूर्ण झालेल्या नाहीत, म्हणून खाली जमिनीवर सोडत नाही. कडेवर घेऊन एक फेरी मारतो.

चावणं दोन तऱ्हेचं आहे. एक संध्याकाळी सात ते नऊ. अंगात आल्यासारखी घरभर पळते, सासूबाईंचा पदर आणि मुलाच्या पायजम्याचे पाय धरते, हात दिसला की कचकन दात. रक्त अजून आलेलं नाही, पण ओरखडे भरपूर. दुसरं, कागदावर शू केली की पाय ओले होतात, ते पुसताना, केस विंचरताना, डोळ्यांखालची घाण काढताना. हे खेळातलं वाटत नाही. आधी एकदम गप्प होते आणि मग मान वळवून चावते.

'आई गं' असं ओरडून पाहिलं, तर आणखी चेकाळते. कुणी सांगितलं म्हणून नाकावर टिचकी मारली, तोंड दाबून धरलं. आता तोंडाजवळ हात नेला तरी दात दाखवते. सासूबाई म्हणतात, दुधाचे दात पडले की आपोआप थांबेल. थांबेल का? तोवर काय करायचं?

पट्टा_साखळी:

टिचकी आणि तोंड दाबणं आजपासून बंद. त्यातून रेवडी एवढंच शिकली की तोंडाकडे येणारा हात वाईट. आणि नेमका तोच हात तुम्हाला रोज डोळे पुसायला न्यायचाय. विंचरण्याबद्दल इथे जाणकार आहेत, मी खेळातल्या चावण्याबद्दल लिहितो.

सात ते नऊचा जो धिंगाणा आहे, तो बहुतेक झोप न झाल्याची किरकिर आहे. या वयाच्या पिल्लाला दिवसरात्र मिळून १८ तासांच्या आसपास झोप लागते. मुलगा शाळेतून आला, बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली की पिल्लू उठतं आणि झोप राहून जाते. आपण समजतो, अंगात ताकद फार आहे, आणखी खेळवून दमवू. मग ते आणखी चावतं. तासभर जागी, मग दीड-दोन तास झोप, असं घड्याळच लावा. साडेपाचला तिला शू करवून क्रेटमध्ये (कुत्र्याच्या पिंजऱ्यात) किंवा शांत खोलीत ठेवा, पंखा लावा, दार लोटा, चघळायला काहीतरी द्या. सातला उठवा. आधी हे चार दिवस करून बघा, बाकी सगळं नंतर.

आता खेळ. हाताने कुस्ती खेळायची नाही, कुणीच नाही. विशेषतः नवरेमंडळींनी नाही. खेळणं तिच्या अंगापेक्षा लांब हवं, दोनेक फूट, म्हणजे दात आणि बोटं यांत अंतर राहतं. जुन्या टॉवेलच्या तीन पट्ट्या कापून घट्ट वेणी घाला, दोन्ही टोकांना गाठ. जुन्या साडीची किंवा पायजम्याची वेणी करू नका, नाहीतर जे सोडायला शिकवायचंय तेच खेळायला दिल्यासारखं होईल. वेणी जमिनीलगत, डावी-उजवीकडे हलवायची. वर ओढायची नाही, मानेला आणि दुधाच्या दातांना हिसका बसतो. धागे सुटायला लागले की वेणी फेकून द्यायची. तुळशीबागेत मिळणारी सॉफ्ट टॉय घेणार असाल तर डोळ्यांची बटणं आधी काढा, आणि शिवण उसवली की तीही बाद. आतला कापूस पोटात जातो.

दात कातडीला लागला की हात तिथेच थिजवा. झटक्याने मागे घेतलेला हात म्हणजे पळणारा उंदीर, त्याच्यामागे जाणं तिच्या रक्तातच आहे. तिची पकड सैल झाली की एकच शब्द, समजा 'बास', सपाट आवाजात. उठा आणि दाराला आडव्या लावलेल्या फळीपलीकडे जा. एवढ्या पिल्लाला दीड फुटाची फळी पुरते. १५ ते २० सेकंद थांबा, बोलू नका, बघू नका. मग परत येऊन वेणी पुढे करून खेळ चालू. लागोपाठ तीनदा उठावं लागलं तर ती दमली आहे, झोपवा.

इथे लोक दोन चुका करतात. पहिली, पिल्लाला उचलून दुसऱ्या खोलीत नेतात. उचलेपर्यंत दहा सेकंद जातात, त्यात हात लावला जातो, अंगाशी धरलं जातं. शिक्षा कशाची झाली हे तिला कळत नाही, पण 'पकडणारा हात' पक्का लक्षात राहतो. म्हणून आपण जायचं, तिला न्यायचं नाही. दुसरी चूक, पाच मिनिटं गायब होणं. पाच मिनिटांत ती काय घडलं ते विसरते आणि पलीकडे चप्पल कुरतडायला लागते.

सुरुवातीचे तीन-चार दिवस चावणं वाढल्यासारखं वाटेल. आजवर चालत होती ती युक्ती चालेना, की आधी ती जास्त जोरात करून बघितली जाते. इथेच बहुतेक घरांत 'हे काही उपयोगाचं नाही' म्हणून सोडून देतात.

पदर आणि मुलगा, दोन्हीकडे गोष्ट एकच: हलतं ते धरायचं. सासूबाईंनी त्या दोन तासांत पदर खोचून ठेवावा. तिच्या जवळून जाण्याआधी तिच्या सुक्या खाण्याचे पाच-सहा दाणे जमिनीवर टाकावेत. ती खाली वास घेत बसते, तेवढ्यात जाता येतं. पदर धरलाच तर ओढायचा नाही, जागीच थांबायचं आणि नाकाखाली दाणा धरायचा. मुलाला 'झाड' शिकवा: थांब, हात घडी घालून काखेत, नजर आपल्या पायांकडे, तोंडातून आवाज नाही. पण सात वर्षांच्या पोराकडून हे दोन तास होणार नाही, म्हणून मोठं माणूस जवळ नसेल तेव्हा दोघांच्या मध्ये फळी हवीच. हलकी दोरी हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) लावून ठेवता येते, चार-पाच फुटांची, हाताच्या फासाशिवाय, कारण फास पलंगाच्या पायात अडकतो. तुमचं लक्ष नसेल तेव्हा दोरी काढायची.

खोडरबर:

वरचं बहुतेक पटलं, एका गोष्टीवर मतभेद. 'दात लागला की बास' हे पहिल्या दिवसापासून लावलं तर पिल्लू दातांचा जोर मोजायला शिकत नाही. तो धडा भावंडांत सुरू होतो, आणि घरी आल्यावर पुढचा अभ्यास माणसांवर होतो. म्हणून आधी जोर कमी करायचा, मग वारंवारता. पहिला आठवडा फक्त दुखेल अशा चाव्यावर उठायचं. मग वळ उठेल अशावर. मग नुसत्या स्पर्शावर. साडेचार-पाच महिन्यांपर्यंत हा क्रम संपवायचा, म्हणजे पक्के सुळे येईपर्यंत. पुढे कधी दुखलं-खुपलं आणि कुत्रं चावलंच, तर जोर मोजायची सवय असलेलं कुत्रं कमी इजा करतं.

ओरडण्याबद्दल: 'आई गं' काही पिल्लांना थांबवतं, काहींना चेतवतं. रेवडी दुसऱ्या गटातली दिसते, तेव्हा ते सोडूनच द्या.

पट्टा_साखळी:

क्रम बरोबर आहे, पण तो ज्या घरात सगळे हात धडधाकट आहेत तिथे. इथे ७१ वर्षांची बाई आहे, तिची कातडी कागदासारखी पातळ, त्यात रक्त पातळ व्हायची गोळी. तिच्या हातावर 'दुखलं नाही' असा चावाही कित्येक दिवस काळानिळा पडून राहतो. शिवाय मुलाला दुखलेलं आणि वळ उठलेलं यातला फरक सांगणार कोण? जोर मोजायचा अभ्यास करायचाच असेल तर तो एका माणसाने, आईने किंवा बाबाने, दिवसातून एकदा पाच मिनिटं करावा. बाकीच्यांसाठी दात लागला की खेळ बंद.

खोडरबर:

हे मान्य. एकाच माणसाने करणं जास्त बरं.

मऊपंजा:

आता पाय पुसणं-विंचरणं. वरचा नियम इथे लावलात तर गाडी उलटी जाईल. खेळताना तिला तुम्ही हवे असता, म्हणून तुम्ही गेलात की तिचं नुकसान. पाय पुसताना तिला तुम्ही नको असता. चावली आणि तुम्ही गेलात, तर तिला हवं तेच मिळालं. चार-पाच वेळा असं झालं की 'दात लावला की फडकं जातं' हे पक्कं. म्हणून इथे सगळी मेहनत चावण्याच्या आधी.

तुम्हीच लिहिलंय, आधी एकदम गप्प होते. तो क्षण धरायचा. अंग ताठ, तोंड बंद, जीभ नाकावर फिरवणं, मान फिरवणं, पाय हळूच मागे ओढणं, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसणं. शित्झूच्या डोळ्यांवर केस असतात, पांढरं दिसेलच असं नाही, तोंडाकडे बघा. उघडं, सैल तोंड मिटलं की तुम्ही एक पायरी पुढे गेला आहात.

बसायची जागा: गुळगुळीत फरशीवर नाही. योगा मॅटवर तुम्ही मांडी घालून, ती तुमच्या बाजूला आडवी, पाठ तुमच्याकडे. समोरासमोर बसून वरून वाकलं की छोट्या कुत्र्याला छतच खाली आल्यासारखं वाटतं. वाटीत उकडलेल्या चिकनचे तुकडे, मीठ-मसाला-कांदा काही नाही, तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढे. शाकाहारी घर असेल तर पनीर. वाटी तिला दिसणार नाही अशी, मागे.

क्रम महत्त्वाचा. आधी स्पर्श, मग तुकडा. खांद्यावर हात ठेवा, एक सेकंद, हात काढा, तुकडा द्या. तुकडा आधी दाखवून पाय धरलात, तर थोड्याच दिवसांत चिकनचा वास आला की ती पलंगाखाली जाईल. खाऊ म्हणजे धोक्याची घंटा होऊन बसते. बहुतेकांचं इथेच बिघडतं, आणि मग 'आमच्या कुत्र्याला खाऊचं काही नाही' असं म्हणतात.

खांद्यावर पाच वेळा जमलं की कोपर. मग मनगट. मग पंजा, नुसता वरून. मग पंजा तळहातावर तोलून एक सेकंद, मग दोन, मग बोटांच्या मधे अंगठा. मग शेजारी फडकं पडलेलं, मग फडक्याचा कोपरा पंजाला टेकवून. एका बसण्याला दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोनदा. पाय ओढून घेतला तर धरून ठेवायचा नाही, सोडायचा आणि पुढच्या वेळी दोन पायऱ्या मागून सुरू करायचं. पुढचे पाय आणि मागचे पाय ही तिच्या दृष्टीने वेगळी प्रकरणं आहेत. मागच्यासाठी पहिल्यापासून सुरुवात.

आणि दात लागलाच तर? झटका नाही, ओरडणं नाही. हात तिथेच हलका करून एक-दोन सेकंद स्थिर. तिने दात काढले, अंग सैल केलं, की तुम्ही हात काढा आणि सत्र संपवा. हात जातो तो सैल होण्यावर, चावण्यावर नाही.

पण शू रोज आठ वेळा होणार आणि पाय रोज पुसायचे. शिकवणं आणि काम एकाच हातात ठेवू नका. तोवर कागदाऐवजी जाळी असलेला ट्रे घ्या, पाय फारसे भिजतच नाहीत. ट्रेच्या पुढे ओलसर टॉवेल दुमडून अंथरा, पलीकडे दोन दाणे टाका. ती टॉवेलवरून चालत जाते, निम्मं काम झालं.

विंचरायचं तर आधी कंगव्याची पाठ फिरवा, दाते नाहीत. मग तिच्या पाठीवर दात्यांनी दोनदा विंचरा, तिथे गुंता कमी असतो. कानामागे, काखेत, हार्नेसखाली गुंता होतो. तिथे केस मुळाशी दोन बोटांत धरा आणि टोकाकडून सुरू करा, म्हणजे ओढ बोटांवर येते, कातडीवर नाही. घट्ट गाठ झाली असेल तर सोडवत बसू नका, ग्रूमरकडून मशीनने काढून घ्या. कात्री तुम्ही लावू नका, गाठीखाली कातडी ओढून वर आलेली असते आणि ती कापली जाते. डोळ्यांसाठी उकळून कोमट केलेलं पाणी, कापसाचा बोळा, नाकाकडून बाहेर एकच पुसणं, एक तुकडा. रोज एक डोळा झाला तरी चालेल.

एक गोष्ट छोट्या कुत्र्यांच्या घरी कुणाच्या लक्षात येत नाही. लॅब्रॅडोरला दिवसातून पन्नासदा कुणी उचलत नाही. शित्झूला उचलतात: सोफ्यावरून, दारातून, पाहुण्यांना दाखवायला. वरून दोन हात येतात आणि जमीन जाते. 'उचलू' म्हणा, एक क्षण थांबा, बाजूने एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, मग उचला. खाली ठेवताना चारही पाय टेकेपर्यंत सोडायचं नाही.

बिनधास्त_बारामती:

एवढं कशाला? मान धरून उलटं पाडायचं, पोट वर, शांत होईपर्यंत धरून ठेवायचं. कुत्र्याला मालक कोण ते कळलं पाहिजे.

मऊपंजा:

उलटं पाडलेलं पिल्लू स्वस्थ पडतं कारण ते घाबरून गोठलेलं असतं. शांत झालं असा आपला समज होतो. पुढे ते गुरगुरणं सोडून देतं, कारण गुरगुरलं की उलटं पाडतात. मग आगाऊ सूचना न देता चावणारं कुत्रं तयार होतं. गुरगुर ही तिने दिलेली सवलत आहे, ती मोडू नका. आणि पावणेदोन किलोच्या पिल्लाची मान मोठ्या माणसाने धरायची म्हणजे काय, हे जरा डोळ्यांसमोर आणा.

गॅलरीतली_तुळस:

खूप आभार, फळी आजच बसवतो. दोन प्रश्न. एवढा खाऊ दिला तर पोट बिघडणार नाही का? जेवण तीन वेळा आहे, पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणे. आणि दातांचं राहिलं, सासूबाईंना काय सांगू?

दंतमंजन:

खाऊचं गणित: जेवणाव्यतिरिक्त जे जाईल ते दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांत राहू द्या. सोपा मार्ग म्हणजे सकाळी दिवसाचे दाणे मोजून घ्या, त्यातले तिसरा भाग डबीत काढा, खेळ आणि पदर यांसाठी तेच वापरा. चिकन फक्त हाताळणीसाठी, १० ते १५ ग्रॅम. तुरीच्या डाळीएवढे केले तर ४०-५० तुकडे होतात. जेवण चुकवून 'भुकेली असेल तर शिकेल' असं करू नका, इतक्या लहान पिल्लाची रक्तातली साखर पटकन उतरते. मुलाच्या खिशातले बेदाणे, चॉकलेट, बिनसाखरेचं च्युइंगम तिच्या वाटेला जाणार नाही हे बघा, तिन्ही विषारी आहेत.

दात. दुधाचे २८, सुईसारखे टोकदार, म्हणून जबड्यात जोर नसतानाही ओरखडे येतात. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास पटाशीचे पडायला लागतात, सुळे पाच-सहा महिन्यांत, सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ येतात. म्हणजे खरी शिवशिव अजून सुरूच व्हायची आहे. सासूबाईंचं अर्धं खरं: हिरड्यांमुळे होणारं चघळणं कमी होईल. पण पदर धरला की मजा येते आणि दात लावला की फडकं जातं, हे शिकलेलं दातांबरोबर पडणार नाही. लहान जातींत आणखी एक भानगड असते, दुधाचा सुळा न पडताच शेजारी पक्का उगवतो. दोन सुळे शेजारी दिसले तर डॉक्टरांना दाखवा. तो काढावा लागतो, बऱ्याचदा नसबंदीच्या भुलीतच काढतात.

चघळायला: फ्रिजमधलं जाड गाजर, तुम्ही समोर असताना, बोटाएवढं उरलं की काढून घ्यायचं. किंवा नॅपकिन भिजवून पिळा, पीळ घालून फ्रीझरमध्ये ठेवा, कडक झाला की १० मिनिटं द्या. शिजवलेली हाडं नाहीत, तुकडे होऊन टोचतात. शिंगं आणि खूर नाहीत, दात तुटतो; ज्यात अंगठ्याचं नख रुतत नाही ते दातांसाठी कडक. कातड्याच्या गाठींचे ओले तुकडे छोट्या घशात अडकतात.

फक्त एकाच जागी हात लावल्यावर चावत असेल तर शिकवण्याआधी तपासून घ्या. शित्झूच्या कानात केस असतात, आत संसर्ग लपतो. डोळे मोठे आणि पुढे आलेले, त्यामुळे ओरखडा लवकर पडतो. डोळा मिटून धरत असेल, पाणी वाहत असेल तर त्याच दिवशी दाखवा. मागचा पाय मधूनच उचलून लंगडी घालत असेल तर गुडघ्याची वाटी सरकत असू शकते. पंजाच्या बोटांमध्ये गोचीडही बघा.

आता जे कुणी लिहिलं नाही ते. रेवडीला रेबीजची लस अजून झालेली नसणार, ती साधारण तीन महिन्यांना देतात. तेव्हा ओरखडा उठला किंवा कातडी फाटली तर 'घरचंच पिल्लू' म्हणून सोडून देऊ नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांना दाखवा, लस घ्यायची की नाही ते त्यांना ठरवू द्या. सासूबाईंच्या बाबतीत तर रक्त थांबायला वेळ लागेल, गोळीचं नाव आवर्जून सांगा. लस झाली की प्रमाणपत्र जपून ठेवा, महानगरपालिकेच्या श्वान परवान्याला ते लागतं.

गॅलरीतली_तुळस:

मुलाने 'झाड' लगेच शिकून घेतलं, आता सासूबाईसुद्धा झाड होतात. विंचरताना चाटायला काही देऊन चालेल का? म्हणजे ती गुंतून राहील.

मऊपंजा:

चालेल, पण शिकवण्याच्या वेळी नाही, कामाच्या वेळी. बिनसाखरेचं घट्ट दही, अर्धा चमचा, स्टीलच्या ताटलीला पातळ फासा. चाटून संपलं की विंचरणंही संपलं पाहिजे, म्हणून आधी नुसती ताटली देऊन किती वेळ पुरते ते मोजा, आणि त्याच्या निम्म्या वेळात हात थांबवा. ताटली फरशीवर सरकते आणि तिच्या मागे रेवडी सरकते. खाली ओला नॅपकिन घाला.